आत्याची जमीन आणि माझी ब्युरेट

परवा हापूसची दुसरी पेटी रिकामी झाली आणि सोसायटीत तिच्यातल्या पेंढ्यावरून वाद झाला. आमच्याकडे भांडुपला ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्यात. मग पेंढा कशात? सेक्रेटरींचं म्हणणं, सुका दिसतोय म्हणजे सुका. कचरा न्यायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, सुक्यात टाकला तर पुढे घेत नाहीत, ओल्यात टाकला तरी बोलणी मीच खाते. शेवटी तो पिशवीत भरून मी घरात परत आणला. नवरा म्हणाला, आता काय गाय पाळणार?

गाय नाही, पण गेलं दीड वर्ष माझ्या डोक्यात पेंढाच आहे. त्याचं कारण आत्या.

आमचं गाव पेणच्या पुढे, धरमतरच्या खाडीच्या बाजूला. थोडी जमीन वर, गोड्या पाण्याची, तिला आम्ही खाचर म्हणतो. थोडी खाली, खाडीच्या बांधाला लागून, ती खार. वडील नोकरीसाठी मुंबईत आले, आत्या लग्न होऊन त्याच गावात राहिली, आणि आता दोन्ही तुकडे तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, कसतो. मी एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. शेतीतलं मला जे कळतं ते सुट्टीत बांधावर बसून पाहिलेलं, त्यामुळे माझ्या मताला त्या घरात आंब्याच्या कोयीइतकीही किंमत नाही.

दीड वर्षापूर्वी दिवाळीनंतर गेले तेव्हा भाताची झोडणी संपली होती आणि अंगणात पेंढ्याचं उडवं रचलेलं होतं. एक टेम्पो पेंढा भरून निघालाही होता. आत्या पायरीवर बसून म्हणाली, "जमीन थकली हाय गो."

मी विचारलं, म्हणजे काय? पिकाचा उतारा कमी आला?

"उतारा हाय तवराच. पन आदी एक गोन युरिया टाकलेला पुरायचा. आता दोन टाकल्या तरी पिवला पडतं."

हे ऐकून माझ्यातली मास्तरीण जागी झाली. म्हटलं, थकली की नाही ते मोजून बघू. मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यामुळांतून तिच्यात राहिलेला कार्बन, ब्युरेट नावाच्या रेघा आखलेल्या काचनळीने मोजायची रीत मला येते, दर वर्षी मुलांकडून करून घेते. आत्या हसली. "मना ईचार ना, ती तुजी नली कशाला?"

तरी मी दुसऱ्या दिवशी आतेभावाला पहार आणि कुदळ घेऊन खाचरात नेलं. धसकटं अजून उभी होती. वरची माती वाळून भेगाळायला लागली होती, खाली मात्र ओल. एक वीत खाली गेलो आणि पहार टणकन वाजली. मला वाटलं दगड. भाऊ म्हणाला, दगड नाही, तळी आहे. वर्षानुवर्षं चिखलणी केली की नांगराच्या फाळाखाली जो थर दाबत दाबत पक्का होतो, तो. पाणी धरून ठेवतो तो हाच, म्हणून कोणी फोडत नाही. त्याच्याखालची माती काढायला आम्हाला अर्धा तास लागला.

खड्ड्याची एक बाजू सुरीने सपाट केली आणि मी तिथेच उकिडवी बसले. राखाडी मातीत उभ्या तांबड्या रेषा. केसाएवढ्या, काही दाभणाएवढ्या, वरून खाली उतरत गेलेल्या. बोटाने खरवडलं तर बोटाला गंज. प्रत्येक रेषेच्या मधोमध वाळलेलं मूळ किंवा मुळाची पोकळ वाट.

याचं रसायन मी फळ्यावर लिहू शकते, पण मातीत पहिल्यांदाच पाहिलं. शेतात पाणी भरलं की मातीतला प्राणवायू एखाद-दोन दिवसांत संपतो. मग तिथले जिवाणू श्वासासाठी दुसरं काहीतरी शोधतात. आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह. गंजाच्या रूपातलं लोह असं वापरलं गेलं की विरघळतं आणि माती तांबडीची राखाडी होते. पण भाताचं रोप हुशार. त्याच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, वरची हवा ते खाली मुळापर्यंत नेतं. मुळाभोवती थोडी हवा झिरपते आणि तेवढ्याच जागी लोहाचा पुन्हा गंज होतो. म्हणजे मी जे पाहत होते ते भाताने श्वास घेतल्याच्या खुणा होत्या. हा गंज सेंद्रिय पदार्थाला धरूनही ठेवतो, त्याच्यावर चिकटलेला कर्ब जिवाणूंना सहज सुटत नाही.

लोहही संपलं की सल्फेट (नासक्या अंड्याचा वास येतो तो इथे), आणि सगळ्यात शेवटी मिथेन. भाताच्या शेतात चालताना पायाखालून बुडबुडे येतात ना, त्यात तो असतो. भातशेतीला हवामानवाले नावं ठेवतात ती त्यामुळे, आणि त्यात तथ्य आहे. पण त्याच बिनहवेच्या चिखलात पालापाचोळा, मुळं, धसकटं कुजायला फार वेळ लागतो आणि कर्ब मातीत राहतो. कोरडवाहू शेतात तोच पाला हवेवर भराभर कुजून जातो.

नमुने पाच पिशव्यांत भरले: खाचराची वरची माती, तळीखालची, खारेची वरची, खारेची खालची, आणि टेकडीच्या उतारावरच्या वरकस जमिनीची, जिथे पूर्वी नाचणी असायची. पेणहून दिव्याच्या गाडीत त्या मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईने विचारलं, गणपतीची माती का? पेणहून माती आणतेय म्हटल्यावर दुसरं काय वाटणार. मी हो म्हटलं, सोपं पडलं.

आठवडाभर घराच्या गॅलरीत वर्तमानपत्रांवर माती वाळवली. मग कॉलेजात खलात कुटून, चाळून, एक ग्रॅम चंचुपात्रात. त्यावर 10 मिली पोटॅशियम डायक्रोमेट, 20 मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल. पात्र हाताला चटका देण्याइतकं तापतं. अर्धा तास थांबायचं. कर्ब जितका जास्त तितकं डायक्रोमेट खर्ची पडतं. उरलेलं किती ते ब्युरेटमधून मोहर मीठ (लोहाचा एक क्षार) सोडून मोजायचं. गडद निळ्या-जांभळ्या रंगातून एका थेंबाला लख्ख हिरवा होतो, तिथे तोटी बंद. मातीविना केलेल्या कोऱ्या प्रयोगाला 20 मिली लागले होते.

खारेच्या वरच्या मातीला 12 मिलीलाच हिरवा झाला. गणित केलं तर दीड टक्क्याच्या वर कर्ब! मृद आरोग्य पत्रिकेच्या हिशेबात 0.8 च्या वर गेलं तरी 'जास्त' म्हणतात. मी स्टाफरूममध्ये जाऊन सगळ्यांना सांगितलं, आत्याला फोन केला, जमीन थकलेली नाही, उलट श्रीमंत आहे. आत्या म्हणाली, बरा. एवढंच.

रात्री स्वयंपाक करताना आमटीत मीठ टाकलं आणि हात तसाच थांबला. खार! मीठ! डायक्रोमेट कर्बाला खातं तसं क्लोराइडलाही खातं. खाऱ्या मातीत या रीतीने कर्ब नेहमीच जास्त दिसतो, म्हणून आम्लात सिल्व्हर सल्फेट घालावं लागतं. हे मी वीस वर्षं शिकवतेय. दुसऱ्या दिवशी मातीच्या धुवणात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले तर दह्यासारखं पांढरं दाट झालं. पुन्हा सगळं नीट केलं. या वेळी जवळपास 16 मिली लागले, म्हणजे 0.8 च्या आसपास. स्टाफरूममध्ये ही दुसरी बातमी मी कोणाला सांगितली नाही. इथे सांगतेय.

बाकीचे आकडे: खाचराची वरची माती 1.1 टक्के, त्याच खड्ड्यात तळीखाली 0.4, वरकस 0.6. प्रत्येक जागेचा एकेकच नमुना, म्हणून याला संशोधन म्हणू नये. पण खाचर आणि वरकस यांच्यात हाकेचंही अंतर नाही, आणि भाताच्या मातीत कर्ब जवळपास दुप्पट. तळीच्या वर इतका, खाली इतकासा. हे असं का, ते शोधताना मी जे वाचलं त्याने मला आमच्या बांधाकडे नव्याने पाहायला लावलं.

चीनमध्ये यांगत्से नदीच्या मुखाजवळ, हांगझोऊच्या उपसागराकाठी, लोक 2,000 वर्षं समुद्राला बांध घालत पुढे सरकत गेले. एक बांध, त्याच्यामागे भात. काही पिढ्यांनी गाळ साचला की आणखी पुढे दुसरा बांध. कोणता बांध कधीचा त्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे तिथे 50 वर्षांची भातजमीन, 100 वर्षांची, 300, 700, 1,000 आणि 2,000 वर्षांची, अशा सगळ्या एका ओळीत सापडतात. आमची खारही याच जातीची. बाहेर समुद्रबांध, पाणी सोडायला उघाडी, आत काळा राता भात नाहीतर पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचं वाण, आणि श्रावणाच्या उधाणाला रात्री कंदील घेऊन बांधावर जाणारी माणसं. बांध फुटून खांड गेली की सगळं गेलं. गावातल्या जुन्या कागदांत या जमिनीला 'शिलोत्री' लिहिलेलं असतं. आणि मुंबई तरी काय वेगळी? वरळीची खिंड बांधून आतली जमीन कोरडी केली ती अठराव्या शतकात. जुन्या इंग्रजी कागदांत इथल्या शेतांना 'बॅटी' म्हटलंय, ते आपलं भातच. खेतवाडी, खार, मशीद बंदरचा भातबाजार ही नावं आपण रोज घेतो. मी रोज मुलुंडकडे जाताना पूर्व द्रुतगती मार्गावरून मिठागरं बघते, तीही या खारेचीच भावंडं.

तर चीनमधल्या त्या मोजणीत (2013 साली छापून आली) असं निघालं की पहिली 300 वर्षं भातजमिनीच्या वरच्या थरात दर वर्षी हेक्टरी 170 ते 178 किलो सेंद्रिय कर्ब साठत गेला. मी लगेच गुंठ्यात आणलं: गुंठ्याला वर्षाला पावणेदोन किलो. आणि त्याच काळात खालचा थर हेक्टरी 29 ते 84 किलो दर वर्षी गमावत होता. घरात वरच्या मजल्यावर धान्य भरतंय आणि तळघरातून गळतंय, असा प्रकार.

खालून का गळावा? माझी समजूत अशी: खालचा कर्ब मुळात भाताचा नव्हेच. बांध घालण्याआधी तिथे खाडीचा गाळ होता, तिवरं होती, त्यांची मुळं होती. बांध पडला, भरती बंद झाली, तो जुना साठा हळूहळू संपू लागला. आणि वरून भरपाई व्हावी तर मधे ही तळी, माझी पहार जिथे वाजली ती. भाताची मुळं तिच्याखाली फारशी जात नाहीत. म्हणजे आमच्या पणज्याने बांध घालून जमीन 'मिळवली' तेव्हाच एक खातं बंद होऊन दुसरं उघडलं होतं.

मग आत्याचं काय? वरच्या मातीत कर्ब आहे, तर दोन गोणी युरिया का लागतो?

याच्यावर फिलिपिन्समधल्या लॉस बान्योसचं एक शेत बोलतं. तिथल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 1963 पासून एकाच जमिनीत भातामागून भात घेतला आहे, पुढे तर वर्षाला तीन तीन पिकं, आजतागायत. एवढं करूनही मातीतला सेंद्रिय कर्ब घटला नाही. आणि तरीही सत्तर-ऐंशीच्या दशकांत तेवढ्याच खतावर उतारा घसरत गेला. शोधता शोधता असं दिसलं की सतत पाण्याखाली राहिलेल्या मातीत काष्ठाचा, म्हणजे लिग्निनचा भाग धड कुजत नाही, कारण त्याला हवा लागते. त्यातून निघालेले फिनॉलसारखे पदार्थ साठतात आणि नत्राला, म्हणजे नायट्रोजनला, बांधून ठेवतात. नत्र मातीत आहे, पण पिकाला मिळत नाही. कणगा भरलेला आहे आणि त्याचं तोंड शेणामातीने लिंपलेलं आहे. मधे जमीन नीट सुकू दिली की ते लिंपण सैल होतं.

हे वाचून मला वाटलं, सापडलं. आतेभावाला फोनवर सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण ताई, आपली जमीन तर दिवाळी ते जून सुकीच असते. भेगेत पाय जातो."

बरोबरच होतं. आमचं एकच पीक, पावसाळ्यातलं. सात-आठ महिने ती माती हवाच खाते. लॉस बान्योसचं औषध आमच्या दुखण्याला लागू नव्हतं. मग आम्ही दोघांनी, तो तिकडे पायरीवर आणि मी इकडे लोकलच्या दारात, वीस वर्षांपूर्वी शेतात काय काय जायचं त्याची यादी केली. चार बैल आणि एक म्हैस होती, त्यांचं शेण. बैल विकले, पॉवर टिलर आला. भात निघाल्यावर ओलीवर वाल टाकायचो. वालाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात आणि पाला शेतातच पडतो. मोकाट गुरं आवरेनात म्हणून वाल बंद. (वाल बंद म्हणून घरच्या शेंगा मडक्यात भाजून केलेली पोपटीही बंद, हे मला जास्त लागतं.) बांधावर गिरिपुष्प लावलेलं, त्याचा पाला चिखलात तुडवायचो, कुंपणाला तारा आल्या, झाडं गेली. आणि पेंढा. पूर्वी तो बैलांच्या पोटातून शेण होऊन परत यायचा. आता टेम्पोत बसून मुंबईला येतो, तबेल्यांत नाहीतर आंब्याच्या पेटीत.

राहिला राब, म्हणजे रोपं टाकायची जागा पालापाचोळा जाळून भाजणं. तो आत्या अजून भाजते, पाला, गवत, सापडेल तिथून गोवऱ्या आणून. टेकडीवरचा कर्ब जाळून रोपाला राख द्यायची हा हिशेबाने तोट्याचा सौदा आहे, पण तण मरतं आणि रोप जोमदार येतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून त्यावर बोलत नाही.

म्हणजे ब्युरेट खोटं बोलली नाही आणि आत्याही नाही. मी मोजला तो जुना साठा, पिढ्यान् पिढ्या चिखलात मुरलेला. आत्या बोलत होती ती रोजच्या ताज्या भाकरीबद्दल, जी कुजून त्याच हंगामात पिकाला मिळते. ती आता शेतात जातच नाही. तिच्या जागी युरिया जातो, आणि तोही भरलेल्या पाण्यात वरून फेकलेला, त्यातला बराचसा हवेत आणि ओढ्यात.

कोकणात चारसूत्री म्हणून एक पद्धत सांगतात, कृषी खात्याचे लोक गावात येऊन सांगून गेलेले: पेंढा आणि तुसाची राख शेतातच वापरा, गिरिपुष्पाचा पाला चिखलात घाला, दोरी धरून ठरावीक अंतरावर लावणी करा, आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधे चिखलात खोचा. आतेभावाने गोळ्या एकदा वापरल्या होत्या. खत कमी लागलं, पण खोचायला माणसं मिळेनात. पेंढ्याचं सूत्र त्याने ऐकलं आणि सोडून दिलं, कारण पेंढ्याचे रोख पैसे मिळतात.

म्हणून मी त्याच्याशी सौदा केला. खाचरातल्या दोन गुंठ्यांचा पेंढा त्याने विकायचा नाही. त्याची किंमत मी देईन. कापणी झाली की तो तिथेच पसरायचा, ओल असतानाच उखळून मातीत घालायचा, म्हणजे हवेवर कुजायला त्याला महिने मिळतील आणि लावणीच्या वेळी कच्चा राहून नत्र खाणार नाही. शिवाय कडेने गिरिपुष्पाच्या वीस फांद्या. भाऊ आईला म्हणाला, ताई मुंबईहून पैसे पाठवणार, पेंढा कुजवायला. आत्याने मला फोन करून विचारलं, बरी हायस ना?

पैसे पाठवले. मग हिशेब करायला बसले की हा फरक मला कधी दिसेल. एका गुंठ्यात वीतभर खोलीपर्यंत साधारण 20 टन माती असते. चीनमधल्या त्या वेगाने वर्षाला पावणेदोन किलो कर्ब वाढला, तर टक्केवारीत ती वाढ 0.009. माझ्या ब्युरेटवरची सगळ्यात बारीक रेघ 0.1 मिलीची, ती कर्बात धरली तर जवळपास 0.02. म्हणजे काचेवरची एक रेघ सरकायला दोन वर्षांहून जास्त.

माझी निवृत्ती चार वर्षांवर आहे. मातीच्या पाच बाटल्या लेबल लावून कपाटात ठेवल्या आहेत, चावी प्रयोगशाळेच्या मामांकडे. आंब्याच्या पेटीतला पेंढा अजून गॅलरीत आहे. पुढच्या शनिवारी गावी जाताना तो घेऊन जाईन म्हणते.